ट्रेलर बघायला निघण्याआधी गाडीचं दार उघडा

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं पाच-सहा वर्षांची झाली की एक प्रश्न हमखास निघतो. तंबूतल्या सहली झालेल्या असतात. रात्रभर पाऊस लागून भिजलेली अंथरुणं, अंधारात टॉर्च घेऊन मुलाला शौचालयापर्यंत नेणं, पहाटेची थंडी, सगळं सोसून झालेलं असतं. तरीही जंगलातली सकाळ सोडवत नाही. मग शेजारच्या साइटवर उभा असलेला पांढरा ट्रेलर दिसतो. आत दिवा लागलेला, कुणीतरी चहा करतंय, मुलं बंकवर लोळताहेत. परतीच्या वाटेवर गाडीत विषय निघतोच: आपणही ट्रेलर घ्यायचा का?

घ्यावा, असंच माझं मत आहे. मुलं लहान असण्याची वर्षं थोडी असतात आणि ती डोंगर-तळ्यांच्या सोबतीनं घालवायला ट्रेलरसारखी सोय नाही. मात्र बहुतेक जण खरेदीची सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. आधी डीलरकडे जातात, आतला पलंग, ओटा, बंक बघतात, मुलं वरच्या बंकवर चढून बसतात आणि तिथेच मन ठरून जातं. आपली गाडी हे ओढेल का, हा प्रश्न नंतर येतो, आणि त्याचं उत्तर ज्याला विकायची घाई आहे तोच देतो. ‘होऽ, आरामात ओढेल!’ या उत्तरावर विसंबू नका. क्रम उलटा ठेवा. आधी आपली गाडी, मग आपली माणसं आणि शेवटी ट्रेलर.

दाराच्या चौकटीवरचं लेबल

गाडीच्या जाहिरातीत एक आकडा ठळक असतो: ओढण्याची क्षमता. मराठी घरांत हमखास दिसणाऱ्या टोयोटा सिएना आणि होंडा ऑडिसी या मिनीव्हॅन ३,५०० पौंडांपर्यंत ओढतात. पेट्रोलवरच्या हायलँडरची क्षमता ५,००० पौंड, पण त्याच हायलँडरच्या हायब्रिडची ३,५००. टेस्लाच्या मॉडेल वायची मर्यादाही ३,५००. (विजेच्या गाडीनं ट्रेलर ओढताना एका चार्जवरचं अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं, आणि बऱ्याच चार्जिंग स्टेशनांवर ट्रेलर सोडून गाडी लावावी लागते. मुलं मागे बसलेली असताना हे किती वेळा जमेल, याचा विचार करा.)

हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या कुटुंबासाठी मोजलेला नसतो. गाडी कंपन्या ज्या प्रमाणित पद्धतीनं तो काढतात त्यात गाडीत चालक आणि एक प्रवासी, दोघंही प्रत्येकी १५० पौंडांची, एवढंच धरलेलं असतं. मागच्या सीटवरची मुलं, त्यांच्या कारसीट, आजी-आजोबा, डिकीतला कूलर, सायकली यांतलं काहीच त्यात नाही. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर प्रवासी वाढतील तसं ओढायचं वजन किती कमी करायचं, याचा तक्ताच दिलेला असतो. तो आधी वाचा.

कुटुंबासाठी खरा निर्णायक आकडा दुसराच आहे. चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं, पिवळी पट्टी असलेलं लेबल दिसेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही होता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. त्यात चालक धरला जातो, सामान धरलं जातं आणि टंग वेटही धरलं जातं. टंग वेट म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर जो भार टाकतो तो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर असावा लागतो. त्याहून कमी असेल तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. म्हणून हा भार टाळता येत नाही, पेलोडमध्ये त्याला जागा द्यावीच लागते.

एक हिशेब मांडून बघू. समजा, लेबलवर १,४०० पौंड लिहिलंय. आई-वडील मिळून ३२०, दोन मुलं १६०, त्यांच्या सीट ३०. उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा २९०. झाले ८००. कूलर, बॅगा, फोल्डिंगच्या खुर्च्या वगैरे १२०. भार पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणारी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वापरली तर तिचं लोखंडच ८० पौंडांच्या आसपास. एकूण १,०००. टंग वेटसाठी उरले ४००. साडेबारा टक्के धरले तर भरलेला ट्रेलर ३,२०० पौंडांच्या वर जाता कामा नये. जाहिरातीत ५,००० लिहिलं असलं तरी या कुटुंबाची गाडी प्रत्यक्षात ३,२०० पौंडांची आहे.

आजी-आजोबा सोबत नसतील त्या सहलीत ४०० चे ६९० होतात. पण तिथे हिचची स्वतःची मर्यादा आडवी येते. ५,००० पौंड ओढणाऱ्या बऱ्याच एसयूव्हींना टंग वेट ५०० पर्यंतच चालतं. हिचवरही लेबल असतं, तेही बघा. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच तुमच्या गाडीला चालते की नाही, हे मॅन्युअलमध्ये तपासा, कारण काही उत्पादक ती वापरायला नको सांगतात.

आता ट्रेलरच्या बाजूचे आकडे. डीलर सांगतो ते ड्राय वेट, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नसतं, भांडी नसतात, बऱ्याचदा बॅटरीही धरलेली नसते. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त भरतं. ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पौंड नुसतं पाणीच झालं. नेहमीचा २० पौंडी प्रोपेनचा सिलिंडर भरलेला असताना ३७ पौंडांच्या आसपास जातो, आणि बऱ्याच ट्रेलरना असे दोन असतात. चौघांचं सामान, पाणी, गॅस, बॅटरी मिळून ७०० ते १,००० पौंड सहज वाढतात. म्हणून ड्राय वेटवर हिशेब करू नका. जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं कमाल अनुमत वजन, हाच आकडा धरा आणि तो तुमच्या गाडीच्या खऱ्या मर्यादेत बसतो का ते बघा. शंका असेल तर भरलेली जोडी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर नेऊन वजन करून घ्या. खर्च थोडा येतो आणि मनाला मोठी स्वस्थता मिळते.

हे सगळं करून आपली गाडी कमी पडते असं दिसलं तर दोनच रस्ते आहेत: छोटा ट्रेलर किंवा मोठी गाडी. ‘हळू चालवू, चालून जाईल’ हा तिसरा रस्ता नाही. ओढणं एक वेळ जमतं. उतारावर थांबवणं आणि कडेनं ट्रक सुसाट गेल्यावर ताबा ठेवणं, हे जमावं लागतं.

कोणत्या जातीचा ट्रेलर?

मिनीव्हॅनवाल्यांच्या आवाक्यातला सगळ्यांत सोपा प्रकार म्हणजे पॉप-अप. घडी करून नेता येणारा, वरून कॅनव्हासच्या भिंती उघडणारा. वजनाला हलका, वापरलेला स्वस्तात मिळतो, मुलांना तंबूची मजाही मिळते. पण पावसात घडी केलीत तर घरी येऊन पुन्हा उघडून वाळवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. दुसरं, अस्वलांच्या भागात कॅनव्हासला काही ठिकाणी मज्जाव असतो. यलोस्टोनमध्ये सांडपाण्यापासून विजेपर्यंत सगळ्या जोडण्या देणारं फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क आहे, तिथे कडक भिंतींच्या वाहनांनाच प्रवेश मिळतो. कडक भिंतींचेही घडीचे ट्रेलर मिळतात, त्रिकोणी छपराचे. दोघांना छान, चौघांना अडचण.

टीअरड्रॉप दिसायला देखणे असतात, पण कुटुंबासाठी नाहीत. विषय संपला.

फायबरग्लासचे अंड्याच्या आकाराचे छोटे ट्रेलर मला मनापासून आवडतात. मिनेसोटातले स्कॅम्प, टेक्ससमधले कसिता, कॅनडात ब्रिटिश कोलंबियातले एस्केप ही त्यांतली ठळक नावं. वरचा आणि खालचा असे दोन साचे जोडून ही कवचं बनतात. सांधे मोजकेच, त्यामुळे पाणी शिरायच्या जागाही कमी. १६ फुटांचा स्कॅम्प मिनीव्हॅनच्या टप्प्यात बसू शकतो. जुने झाले तरी त्यांची किंमत फारशी पडत नाही. अडचण एकच: मुलं मोठी होऊ लागली की चौघांना ते तोकडे पडतात. मुलं आठ वर्षांच्या आतली असतील, तर मी यांच्याकडे आधी बघेन.

आणि मग बंकहाऊस. एका टोकाला मुलांचे दुमजली बंक, दुसऱ्या टोकाला मोठ्यांचा पलंग, मध्ये ओटा, जेवणाचं टेबल आणि बाथरूम. मॉडेलच्या नावात बीएच अक्षरं दिसली तर समजा बंकहाऊस आहे. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कार्ट परिसरात बनतात. जेको आणि कीस्टोन थॉर कंपनीच्या, ग्रँड डिझाइन विनबेगोची आणि फॉरेस्ट रिव्हर बर्कशायर हॅथवेची. नावं अनेक असली तरी साध्या दर्जाच्या ट्रेलरांत फ्रिज, पंप, हीटर त्याच मोजक्या कंपन्यांचे असतात. म्हणून नावावरून भांडण्यापेक्षा समोर उभा असलेला तो एक ट्रेलर नीट तपासण्यात वेळ घालवा.

लांबीकडे विशेष लक्ष द्या. मॉडेलच्या नावात १७ किंवा २१ असला म्हणून ट्रेलर तेवढ्या फुटांचा नसतो. पुढचा दांडा आणि मागचा बंपर धरून तीन-चार फूट जास्त भरतात, आणि कॅम्पग्राउंड पूर्ण लांबी मोजतात. योसेमिटीतल्या अप्पर पाइन्समध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांहून लांब वाहनाला बंदी आहे, आणि त्यात गाडी आणि ट्रेलर मिळून मोजतात. म्हणजे तिथे ट्रेलर कॅम्पवर ठेवूनच जायचं. राष्ट्रीय उद्यानांची हौस असेल, तर एकूण २४ फुटांच्या आतला ट्रेलर घेणाऱ्याला साइट मिळणं पुष्कळ सोपं जातं. ३० फुटी ट्रेलर आत प्रशस्त वाटतो, पण मग सहली खासगी आरव्ही पार्कांपुरत्या राहण्याची शक्यता वाढते.

आत शिरून अर्धा तास राहा

गाडीची मर्यादा आणि लांबी ठरली की मगच आतली रचना बघा, आणि ती बघायची पद्धत सांगतो. सगळ्या कुटुंबाला घेऊन जा. बूट काढा, आत शिरा, दार लावा. अर्धा तास तिथे राहा. बाहेर दिवसभर पाऊस लागलाय, असं धरून वागा. मुलांना बंकवर झोपू द्या. वरच्या बंकवर मूल उठून बसलं की डोकं छताला लागतं का बघा. बंकची लांबी मोजा, आज मूल मावतंय पण चार वर्षांनी मावेल का? बंकला वजनमर्यादेची चिठ्ठी असते, ती वाचा. शौचालयात बसून दार लावा, गुडघे कुठे लागतात ते कळेल. एक जण ओट्यापाशी उभा असताना दुसऱ्याला मागे जाता येतं का, तेही बघा. हे सगळं विक्रेत्यासमोर करायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. पैसे तुमचे जाणार आहेत.

पाचवा-सहावा माणूस झोपायचा प्रश्न आला की डीलर जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवतो: हे खाली बसवलं की पलंग होतो. होतो खरा. पण सगळे जेवून, भांडी आवरून, पत्ते खेळून उठेपर्यंत त्या माणसाला झोपता येत नाही, आणि सकाळी पहिला चहा व्हायच्या आधी त्याला उठावं लागतं. तिथे आईला किंवा सासऱ्यांना झोपवायचा बेत असेल, तर नीट विचार करा. आजी-आजोबांसाठी पायऱ्यांची उंची बघा, दाराशी धरायला मजबूत कठडा आहे का बघा, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं का तेही. एका बाजूला भिंत असलेल्या पलंगावर रात्री उठणारा माणूस दुसऱ्याच्या अंगावरून जातो. साठीच्या पुढच्यांना हा त्रास होतो, आणि मुलांच्या उत्साहापुढे ते बोलत नाहीत.

स्लाइड-आउट, म्हणजे बटण दाबल्यावर बाहेर सरकणारी भिंत. पावसाळी दिवशी तिच्यामुळे मिळणारी तीन फूट जागा मोलाची असते. पण ती वजन वाढवते, तिच्या यंत्रणेत बिघाड होतो आणि तिच्या कडांतून पाणी शिरू शकतं. पहिल्या ट्रेलरला स्लाइड नसली तरी चालेल, असं माझं मत. घ्यायचीच असेल तर स्लाइड बंद ठेवून आत जा आणि फ्रिज व शौचालयापर्यंत पोचता येतं का ते बघा. प्रवासात वाटेत थांबल्यावर मुलाला शौचालय लागणारच आहे.

आता आपल्या स्वयंपाकाबद्दल. ट्रेलरचं छत खाली असतं, वरचा पंखा छोटा असतो, आणि कोंदट जागेत केलेली लसूण-मिरचीची फोडणी गाद्यांत, पडद्यांत आठवडाभर राहते. म्हणून बाहेर स्वयंपाक करण्याची सोय बघा. काही बंकहाऊसना बाहेरच्या भिंतीत छोटा ओटा असतो. नसला तरी चालतं. फोल्डिंगचं टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि वर सावली पुरेशी आहे. थालीपीठ, भजी बाहेर. आत फक्त चहा, भात, गरम करणं. आत गॅस पेटवलात तर वरची खिडकी आणि पंखा उघडा ठेवा. ट्रेलरमधला कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा अलार्म चालू आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पहिल्या दिवशी तपासा. फोडणीनं अलार्म वाजतो म्हणून तो काढून ठेवणारे लोक असतात. तुमच्या घरात तसं कुणालाही करू देऊ नका.

विजेचं गणितही स्वयंपाकाशी जोडलेलं आहे. लहान ट्रेलरना ३० अँपियरची जोडणी असते, म्हणजे १२० व्होल्टला एकूण ३,६०० वॉट. एसी चालू असताना त्यातला मोठा हिस्सा तोच घेतो. त्यावर मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक कुकर एकदम लावलात की ब्रेकर पडतो. राष्ट्रीय उद्यानांच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर, योसेमिटीत तर सगळ्याच, विजेची जोडणी नसते. मग बॅटरीवर आणि गॅसवर दिवस काढावे लागतात. त्या दृष्टीनं फ्रिज कोणता आहे हे विचारा. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज बॅटरी फारशी खात नाही, पण ट्रेलर समपातळीत उभा करावा लागतो. १२ व्होल्टचा नवा फ्रिज लवकर थंड होतो, मात्र जोडणी नसताना बॅटरी लवकर उतरवतो. उद्यानांत राहायचं असेल तर सोलर पॅनलसाठी पैसे बाजूला ठेवा.

शौचालयाच्या टाकीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मीच सांगतो. आपण पाणी वापरणारी माणसं आहोत. हातात धरायचा स्प्रे बसवून घेतला की सोय होते, टाकीतली घाण साचून घट्टही होत नाही, पण २५-३० गॅलनची टाकी सहा माणसांत लवकर भरते. म्हणून शक्य तिथे कॅम्पग्राउंडचं शौचालय वापरायचं आणि ट्रेलरमधलं रात्रीसाठी राखायचं, असा नियम करा. टाक्या रिकाम्या करताना आधी काळ्या पाण्याची, म्हणजे शौचालयाची टाकी, मग अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची. दुसऱ्या टाकीतल्या साबणाच्या पाण्यानं नळी धुतली जाते. जाड हातमोजे स्वतंत्र ठेवा.

पाणी शिरलेला ट्रेलर घेऊ नका

पहिला ट्रेलर वापरलेला घ्यावा, असं मी ठामपणे सांगेन. नवा साधा बंकहाऊस साधारण २० ते ४० हजार डॉलरांत मिळतो, वर फ्रेट, डीलरची तयारी, नोंदणी, कर आणि विमा. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याची किंमत झपाट्यानं उतरते. मासिक हप्ता लहान दिसावा म्हणून डीलर पंधरा-पंधरा वर्षांचं कर्ज देतात, आणि तीन वर्षांनी विकायची वेळ आली तर कर्ज ट्रेलरच्या किमतीहून जास्त उरलेलं असू शकतं. पहिल्या ट्रेलरमधूनच तुम्हाला कळणार असतं की आपल्याला नेमकं काय लागतं. ते कळायची किंमत कमी असलेली बरी.

वापरलेल्यात एकच शत्रू आहे: पाणी. बहुतेक ट्रेलरची छपरं रबरासारख्या पातळ थराची असतात. कडा, पंखे, खिडक्यांभोवतीच्या सांध्यांना लावलेलं सीलंट उन्हानं तडकतं, आणि थेंबभर वाटेनं शिरलेलं पाणी आतलं लाकूड कुजवतं. बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे दार उघडल्याबरोबर आधी वास घ्या. ओलसर, कोंदट वास येत असेल, किंवा तो लपवायला सुगंधी फवारा मारलेला असेल, तर सावध व्हा. दाराजवळ, शौचालयाभोवती, पलंगाखाली पाय दाबून बघा. जमीन दबली तर खाली लाकूड गेलेलं आहे. वरच्या कपाटांच्या आतले कोपरे टॉर्चनं बघा. तपकिरी डाग दिसतात का? बाहेरच्या भिंतीला गाल टेकवल्यासारखे उभे राहून लांबवर नजर टाका. गुळगुळीत भिंत कुठे फुगलेली दिसली तर थर सुटलेत. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते घेऊन जा. मोठ्या पावसानंतरच्या दिवशी बघायला गेलात तर सगळ्यांत उत्तम.

टायर बघताना खाच किती उरली आहे, याला भुलू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी जुने होतात. टायरवर डीओटी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुने असले तर नव्या टायरचे पैसे भावातून वजा करायला सांगा.

मालकाला सगळं चालवून दाखवायला सांगा: फ्रिज आधीच थंड केलेला असावा, एसी, हीटर, गरम पाणी, पंप, दिवे, स्लाइड. ‘मागच्या वर्षी चालू होतं’ हे उत्तर म्हणजे ‘चालू नाही’. ट्रेलरवर रिकॉल आहे का ते एनएचटीएसए या वाहनसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर बघा. मालकीच्या कागदावर बँकेचं कर्ज उरलेलं नाही ना, तेही. रक्कम मोठी असेल तर स्वतंत्र आरव्ही इन्स्पेक्टर नेमा. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या यादीतून जवळचा मिळतो.

नवाच घ्यायचा ठरला तर भावाची घासाघीस करण्याइतकाच वेळ ताबा घेण्याआधीच्या तपासणीला द्या. नव्या ट्रेलरमध्येही गळते नळ, न लागणारी दारं, सैल स्क्रू निघतात. सगळं दुरुस्त होईपर्यंत शेवटची सही करू नका. वॉरंटीचं काम तुमच्या गावाजवळ कोण करणार, हे लेखी घ्या. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी दिलेला ट्रेलर अनेक आठवडे तिथेच अडकू शकतो. पूर्व किनाऱ्यावरच्यांना सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला भरणारं मोठं आरव्ही प्रदर्शन सोयीचं आहे. एका दिवसात भरपूर रचना आत शिरून बघता येतात. तिथे बघा, पण तिथल्या तिथे सही करू नका.

ट्रेलर ठेवायचा कुठे, हा प्रश्न खरेदीनंतर नको. अनेक वसाहतींच्या एचओए नियमांत घरासमोर ट्रेलर उभा करायला बंदी असते. मग दरमहा भाड्यानं जागा घ्यावी लागते. न्यू जर्सी, शिकागो, मिशिगनसारख्या थंडीच्या भागात हिवाळ्याआधी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरावं लागतं, नाहीतर पाइप फुटतात.

विकत घेण्याआधी एकदा भाड्यानं

आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरवरून लोक आपले ट्रेलर भाड्यानं देतात. काही मालक ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून उभा करून देतात, आणि परत घेऊनही जातात. ही फार चांगली सोय आहे. ओढण्याची चिंता नसते, त्यामुळे ट्रेलरमधलं राहणं तुमच्या घराला मानवतं का, एवढंच तपासता येतं. एक सहल बंकहाऊसमध्ये, एक छोट्या ट्रेलरमध्ये करून बघा. घरातल्या कुणाला काय खटकलं, ते परतीच्या गाडीतच लिहून काढा. घरी पोचल्यावर गैरसोयी विसरल्या जातात.

ओढायला शिकण्यासाठी रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये जा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंगच्या तळाला हात ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात हलवा. मागे उभ्या असलेल्या जोडीदाराशी खुणा आधीच ठरवा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम पक्का करा. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवून घ्या. ब्रेक कोणत्या वजनापासून सक्तीचे, हे राज्यागणिक बदलतं, पण कुटुंब गाडीत असताना ते हवेतच. सामान भरताना जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या पुढच्या बाजूला ठेवा. वाटेत ट्रेलर झोके घ्यायला लागला तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरच्या दांड्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावा.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ मैल आहे. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर आणि न्यूयॉर्कच्या अनेक पार्कवेंवर ट्रेलरला बंदी आहे, तिथले पूलही बुटके आहेत. फोनवरचा नेहमीचा नकाशा हे जाणत नाही आणि तुम्हाला खुशाल त्या रस्त्यावर घालतो. ट्रेलरची उंची फूट-इंचांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. चालत्या ट्रेलरमध्ये मुलांना बसू देऊ नका. कॅलिफोर्नियासह बहुतेक राज्यांत ते बेकायदा आहे, आणि जिथे चालतं तिथेही धोका तोच.

पहिली सहल घरापासून तासाभराच्या आत ठेवा, दोन रात्रींची, पूर्ण जोडण्या असलेल्या जागी. सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येणारी साइट मागून घ्या, म्हणजे पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर मागे घ्यायची वेळ येत नाही. उजेडात पोचा. निघायच्या सकाळी एक कागद दाराच्या आतल्या बाजूला लावलेला असू द्या आणि एकानं मोठ्यानं वाचून दुसऱ्यानं हात लावून तपासायचं: गॅस बंद, छपरावरच्या खिडक्या बंद, फ्रिजचं दार अडकवलेलं, पाण्याची आणि विजेची नळी-वायर काढलेली, पायरी आत, हिचची कडी लागलेली, साखळ्या खालून फुलीसारख्या अडकवलेल्या, दिवे लागताहेत. चाकांखालचे अडसर, ट्रेलर गाडीला पक्का जोडला गेल्याची खात्री झाल्यावर, सगळ्यांत शेवटी काढा.